परभणी ते सॅन फ्रान्सिस्को: भूगोलाच्या सरांच्या खिडकीचं प्रकरण

माझं परभणीत तिकिटं काढून द्यायचं काम आहे आणि आता आमच्याकडं येणारी बरीच मंडळी लेकराकडं अमेरिका, जर्मनी, कॅनडाला जाणारी असतात. त्यांची पहिली चौकशी भाव, दुसरी सामान, तिसरी व्हीलचेअर. खिडकीबद्दल कुणी फारसं विचारत नाही, विचारलं तर "कुठली बी द्या" म्हणतात. म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहायलोय, कारण यात विचारणारा माणूस खिडकीसाठीच हट्टाला पेटला होता आणि त्याचा हट्ट शंभर टक्के बरोबर होता.

माणूस म्हणजे आमचे भूगोलाचे सर. रिटायर होऊन बरीच वर्षं झाली, वय सत्तरीकडं झुकलेलं, बीपीची गोळी चालू, गुडघे कुरकुरतात. सोबत काकू. लेक सॅन फ्रान्सिस्कोजवळ सॅन होजेला. तिकीट मे महिन्याचं, मुंबई ते फ्रँकफर्ट आणि तिथून सॅन फ्रान्सिस्को, परतीचं सप्टेंबरअखेर. लेकीनं तिकडून फोनवर बजावलं होतं की बाबांना मधल्या वाटेवरची सीट द्या, अकरा तास बसायचंय, पाय मोकळे करता आले पाहिजेत, दर दोन तासाला उठावं लागतं त्यांना. आणि सर माझ्यासमोर खुर्चीत बसून म्हणायले, "आयुष्यभर पोरांना फळ्यावर ग्रीनलँड काढून दाखवलं, आता त्याच्यावरून जायलोय आन् मी वाटंवरच्या सीटवर बसून समोरच्याचं डोकं बघत जाऊ का?"

दोघांचंही खरं होतं. लेकीची काळजी खोटी नव्हती, अकरा तास पाय दुमडून बसलं तर पायात रक्ताची गुठळी व्हायचा धोका वाढतो आणि वय झाल्यावर जास्तच. पण सरांचं म्हणणं मला जास्त टोचलं, कारण असा प्रवास आपल्याकडच्या माणसाच्या नशिबी फार वेळा येत नाही, आणि वाटेत पृथ्वीचा जो भाग खाली दिसतो तो बघायला वेगळे पैसे भरून कुणी जाणार नाही. तर मग काम असं होतं की खिडकी पण पाहिजे आणि उठता पण आलं पाहिजे, आणि खिडकी अशी पाहिजे की तिच्यातून खरंच काहीतरी दिसेल.

आधी पहिला टप्पा निकालात काढला. मुंबईहून युरोपला जाणारी बरीचशी विमानं मध्यरात्रीनंतर सुटतात आणि तिकडं सकाळी पोचतात, म्हणजे वाटेचा मोठा भाग अंधारात. शहरांचे दिवे दिसतात, ते छान असतात, पण त्याच्यासाठी रात्रभर अडकून बसायचं कारण नाही. शिवाय परभणीहून देवगिरी एक्स्प्रेसनं मुंबई, तिथं दिवसभर पाहुण्यांकडं, रात्री विमानतळावर तीन-चार तास रांगा, एवढं झाल्यावर माणसाला झोपच पाहिजे असते. म्हणून या टप्प्यावर सरांना वाटेवरची सीट, काकू शेजारी, ती पण चेक-इनच्या वेळी फुकटात मिळेल ती. सीटचे पैसे भरायचेच तर ते दुसऱ्या टप्प्यावर. लोक एकदम दोन्ही टप्प्यांची खिडकी घेतात आणि रात्रीच्या टप्प्यात काळी काच बघत बसतात, त्यापेक्षा हे बरं.

दुसरा टप्पा मात्र सोनं. फ्रँकफर्टहून विमान दुपारी एकच्या सुमारास सुटतं आणि सॅन फ्रान्सिस्कोला त्याच दिवशी दुपारी साडेतीनच्या सुमारास उतरतं. अकरा-साडेअकरा तास उडूनही घड्याळ अडीच तासच पुढं जातं, कारण दोन्हीकडच्या वेळेत नऊ तासांचा फरक आहे. सरांना हे सांगायची गरजच पडली नाही, त्यांनीच मला हिशेब करून दाखवला. विषुववृत्तावर पृथ्वीचा फिरायचा वेग ताशी साधारण १६७० किलोमीटर, ६० अंश उत्तरेला तो निम्मा म्हणजे ८३५ च्या आसपास, आणि विमान जातं ताशी ८५०-९०० नी पश्चिमेकडं. म्हणजे उत्तरेच्या त्या पट्ट्यात विमान सूर्याच्या बरोबरीनं पळतं आणि सूर्य आकाशात जागचा हलत नाही असं वाटतं. अख्खी वाट भर दुपारच्या उजेडात! असं दिवसाढवळ्या अकरा तास जमीन, बर्फ, समुद्र सगळं दाखवणारं विमान सहजासहजी मिळत नाही, म्हणून या टप्प्याच्या खिडकीवर मी जीव लावून काम केलं.

आता बाजू. डावी का उजवी, हा प्रश्न अंदाजपंचे सोडवायचा नाही. पृथ्वी गोल असल्यामुळं फ्रँकफर्ट ते सॅन फ्रान्सिस्को ही जवळची वाट नकाशावर सरळ रेघ दिसत नाही, ती उत्तरेकडं कमान टाकून जाते. सरांनी घरच्या पृथ्वीगोलावर सुतळी ताणून दाखवली आणि ती बरोबर आइसलँडच्या दक्षिण किनाऱ्यावरून, ग्रीनलँडच्या अंगावरून, बॅफिन बेटावरून, हडसन उपसागराच्या उत्तरेकडून कॅनडात उतरली. सगळ्यात वरचं टोक ६७ अंश उत्तरेच्या आसपास, म्हणजे आर्क्टिक वृत्ताच्याही किंचित वर. पण ही झाली पुस्तकातली वाट. विमान रोज वाऱ्याप्रमाणं वाट बदलतं, पश्चिमेकडं जाताना समोरून येणारा जोराचा वारा टाळायला कधी अजून वर जातं, कधी खाली राहतं. म्हणून फ्लाइटरडार२४ वर त्याच नंबरच्या विमानाच्या मागच्या सात दिवसांच्या वाटा बघायच्या, ते फुकटात दिसतं. आम्ही दोघांनी दुकानात बसून त्या बघितल्या, थोड्या वरखाली होत्या पण बहुतेक ग्रीनलँडवरूनच गेलेल्या.

बाजू ठरते ती दोन गोष्टींवर, सूर्य कुठं आणि बघायचं ते कुठं. उत्तर गोलार्धात इतक्या वर दुपारचा सूर्य दक्षिणेला, विमानाचं तोंड पश्चिमेकडं, म्हणजे सूर्य डाव्या हाताला. डावीकडच्या खिडकीत उन्हाचा तडाखा, काचेवरचे सगळे ओरखडे चमकतात, खाली बर्फ असेल तर डोळे उघडवत नाहीत आणि शेवटी माणूस कंटाळून पडदा ओढतो. उजवीकडं सावली, बर्फाचे निळे-करडे रंग नीट दिसतात, फोटो पण स्वच्छ येतो. आणि आइसलँडचा बराचसा भाग या वाटेच्या उत्तरेला म्हणजे उजवीकडंच पडतो. शेवटच्या तासा-दीड तासात विमान दक्षिणेकडं वळतं तेव्हा सूर्य समोर आणि थोडा उजवीकडं येतो खरा, पण तोवर दहा तास झालेले असतात. म्हणून उजवी बाजू पक्की. दहा सीटच्या रांगेत डावीकडची खिडकी म्हणजे ए आणि उजवीकडची बहुतेक वेळा के, काही कंपन्यांत एल.

एक गोष्ट सावलीच्या बाजूलाच दिसते, ती म्हणजे इंद्रवज्र. हरिश्चंद्रगडावर कोकणकड्याला लोक ज्याच्यासाठी ढगांची वाट बघत उभे राहतात तेच, गोल इंद्रधनुष्य. खाली ढग असले की विमानाची सावली जिथं पडते तिच्याभोवती ते रंगीत कडं तयार होतं आणि विमानाबरोबर पळतं. सूर्य डावीकडं असेल तर ते उजवीकडं खाली बघायचं. सरांना हे आधीच सांगून ठेवलं होतं आणि ते पुढं कामाला आलं, ते सांगतोच.

मग आली रांग, आणि खरी मेहनत इथं आहे. विमान होतं बोइंग ७७७, इकॉनॉमीत तीन-चार-तीन अशा सीट. मधल्या बऱ्याच रांगांच्या खिडकीतून पंखच दिसतो, खाली ग्रीनलँड जायला आणि तुम्ही पत्रा बघत बसायचं. पंखाच्या पुढची जागा बहुतेक महागड्या वर्गांची. पंखाच्या लगेच मागं बसलं तर इंजिनातून निघणाऱ्या गरम हवेतून बघावं लागतं, जमीन थरथरल्यासारखी दिसते आणि फोटो धूसर येतात. राहिलं शेपटीकडचं टोक. तिथूनही पुढं तिरकं बघितलं की थोडं धूसर, पण आडवं आणि मागं बघितलं की एकदम स्वच्छ. आणि या टोकाचा दुसरा मोठा फायदा असा की विमान मागं निमुळतं होत जातं त्यामुळं तीन-चार-तीनवाल्या बऱ्याच ७७७ मध्ये अगदी शेवटच्या दोन-तीन रांगांत खिडकीकडं तीनच्या ऐवजी दोनच सीट बसवलेल्या असतात. दोनच! म्हणजे सर खिडकीला, काकू वाटेवर, मध्ये तिसरं कुणी नाही, झोपलेल्या परक्या माणसाला उठवायची लाज नाही. शिवाय सीट आणि भिंत यांच्यात जरा मोकळी जागा राहते, पाय तिरके करता येतात, पिशवी ठेवता येते. संडास पाठीमागं दोन पावलांवर. लेकीच्या सगळ्या अटी इथंच पूर्ण झाल्या.

तोटे पण आहेत आणि ते मी सरांना लपवून ठेवले नाहीत. शेपटीकडं विमान जास्त हलतं, संडासची आणि किचनची वर्दळ असते, जेवण कधीकधी शेवटी येतं त्यामुळं दोनपैकी एकच पर्याय उरतो, आणि सगळ्यात शेवटच्या रांगेची पाठ काही विमानांत पूर्ण मागं जात नाही. म्हणून शेवटची सोडून तिच्या पुढची जोडी घेतली. शाकाहारी जेवण आधीच नोंदवलं, तसं नोंदवलेलं जेवण बहुतेक वेळा इतरांच्या आधी येतं.

सीट घ्यायच्या आधी एरोलोपाच्या साइटवर त्या विमानाचा नकाशा बघितला, तिथं प्रत्येक रांगेशी खिडकी कुठं येते ते काढून दाखवलंय. हे बघितल्याशिवाय पैसे भरूच नका, कारण "विंडो सीट" म्हणून विकलेल्या काही जागांना खिडकीच नसते, नुसती भिंत, नाहीतर खिडकी खांद्याच्या मागं. आणि विमान ड्रीमलायनर म्हणजे बोइंग ७८७ असेल तर अजून एक विचार करावा लागतो. त्याच्या खिडक्या मोठ्या, बघायला झकास, पण तिथं ओढायचा पडदा नसतो, बटणानं काच काळी होते, आणि ते बटण विमानातले कर्मचारी एका जागेवरून सगळ्यांचं लॉक करू शकतात. भर दुपारी सगळी काच गडद निळी करून टाकतात आणि तुम्ही काही करू शकत नाही. ज्याला बाहेर बघायचंय त्याच्यासाठी साध्या ओढायच्या पडद्याचं विमान चांगलं, हे माझं पक्कं मत आहे. एअरबस ए-३३० मिळालं तर फारच उत्तम, तिथं बहुतेक कंपन्यांत सगळ्या इकॉनॉमीत खिडकीकडं दोन-दोनच सीट असतात.

पैसे भरले फक्त त्या एका टप्प्याचे, जोडीचे मिळून काही हजार. मग दर आठवड्याला बुकिंग उघडून बघायचो, कारण कंपनीनं विमान बदललं की सीटा आपोआप कुठंतरी उडून जातात आणि कुणी सांगत नाही. आपल्या प्रकरणात तसं झालं नाही.

सरांची तयारी बघण्यासारखी होती. त्यांनी एका कागदावर वाट काढली आणि उड्डाणानंतर किती तासांनी काय येणार ते लिहिलं: साधारण पावणेतीन तासांनी आइसलँड, पावणेचार ते साडेचार ग्रीनलँड, पाचला बॅफिन, सहाच्या पुढं हडसन उपसागर, उतरायच्या आधी कॅलिफोर्नियातला शास्ता पर्वत. मोबाइलमध्ये नकाशा आधीच उतरवून दिला, कारण फ्लाइट मोडवर असताना पण खिडकीजवळ धरला की जीपीएस चालतं आणि आपण कुठं आहोत ते कळतं. त्यांचा गडद गॉगल मात्र बॅगेत ठेवायला लावला, पोलराइज्ड होता. तसल्या गॉगलातून विमानाच्या प्लास्टिकच्या खिडकीतून बघितलं की सगळीकडं सप्तरंगी डाग दिसतात. डॉक्टरांना विचारून पायात घट्ट मोजे घेतले आणि काकूंनी जबाबदारी घेतली की दर दीड-दोन तासाला ह्यांना उठवणार म्हणजे उठवणार.

सरांची सगळ्यात मोठी आस आइसलँडची होती आणि त्याचं कारण आपल्या मातीतलं आहे. परभणीची काळी माती ज्या दगडातून झाली तो बेसॉल्ट, ज्वालामुखीच्या लाव्ह्याचे थरावर थर साचून साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनचं पठार झालं. वेरूळची लेणी त्याच थरांत कोरलीत. सर पोरांना खोदत असलेल्या विहिरीवर न्यायचे आणि मुरूम कुठं संपतो, काळा पाषाण कुठं सुरू होतो ते दाखवायचे. आइसलँड पण बेसॉल्टचंच, फरक एवढाच की तिथं काम अजून चालू आहे. "आपल्याकडं जे होऊन गेलं ते तिथं अजून व्हायलंय," असं ते काकूंना समजावून सांगत होते आणि काकू खरंच ऐकत होत्या.

प्रत्यक्षात काय झालं ते सरांनी पोचल्यावर फोनवर सांगितलं, तसंच देतो. आइसलँड दिसलं नाही. पूर्ण ढग, किनारा नाही, हिमनदी नाही, काही नाही. पण त्याच ढगांवर विमानाची बारकी सावली आणि तिच्याभोवती इंद्रवज्र, पंधरा-वीस मिनिटं. काकूंना पुढं वाकून बघायला लावलं, मागच्या रांगेतलं एक लेकरू पण येऊन बघून गेलं. मग ढग फाटले आणि ग्रीनलँडचा पूर्व किनारा आला. मे महिना म्हणजे तिकडं अजून हिवाळ्याची शेपटी, किनाऱ्याला समुद्राच्या बर्फाच्या फुटलेल्या लाद्या, त्यात अडकलेले हिमनग, काळ्या सुळक्यांच्या मधून समुद्रात उतरणाऱ्या हिमनद्या. पुढं आत गेलं की डोंगर बुडतात आणि नुसतं पांढरं मैदान. ग्रीनलँडचा साधारण ८० टक्के भाग बर्फाखाली आहे आणि मध्यभागी त्याची जाडी तीन किलोमीटरच्या वर जाते. सर म्हणाले की हा आकडा मी इतक्या वर्षं सांगितला पण डोंगरच्या डोंगर त्यात बुडताना बघितल्यावर तो आकडा पहिल्यांदा कळला.

नेमकं इथंच जेवणानंतर पडदे खाली करायची सूचना आली. हा भाग प्रत्येकानं आधी विचारात घ्यावा, कारण खिडकी मिळूनही बघायला न मिळण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच आहे. लेकीनं इंग्रजीत चार ओळी लिहून दिल्या होत्या की हे निवृत्त भूगोल शिक्षक आहेत, त्यांना ग्रीनलँड आणि उत्तर कॅनडा बघायचंय, थोडा पडदा उघडा ठेवू द्यावा. सरांनी तो कागद विमानात बसल्या बसल्याच हवाईसुंदरीला दाखवला होता. तिनं हसून मान डोलावली. मागच्या टोकाला असल्यामुळं त्यांच्या खिडकीचा उजेड फार लोकांच्या डोळ्यावर जात नव्हता, सरांनी पण वीतभर पडदा उघडा ठेवून डोक्यावर शाल घेतली. झोपणाऱ्यांचा पण हक्क आहे, ते पण थकलेले असतात, म्हणून भांडून नाही, आधी विचारून घ्यायचं.

बॅफिन बेटाचे उभे कडे आणि गोठलेल्या खाड्या दिसल्या. मग हडसनकडचा समुद्र, मे मध्ये तो बराचसा गोठलेलाच असतो, जमीन कुठली आणि पाणी कुठलं कळत नव्हतं, ते त्यांनी मोबाइलच्या नकाशावरून ओळखलं. उत्तर कॅनडातली हजारो तळी पण पांढरीच. त्याच्यानंतर दोन तास सर झोपले, आणि झोपायलाच पाहिजे होतं. काकूंनी त्यांना रॉकी पर्वत यायच्या आधी उठवलं आणि पाय मोकळे करायला लावले. शेवटी उजवीकडं लांब एकटा पांढरा शंकू, शास्ता, ४३२२ मीटर, तो पण ज्वालामुखीच. पायाला सूज किंचित, दुसऱ्या दिवशी गेली. लेकीनं मला फोन करून सांगितलं की बाबा विमानतळावरून घरी जाईपर्यंत बोलत होते.

परतीचा हिशेब वेगळा, तीच सीट उलटी करून चालत नाही. विमान दुपारी निघून पूर्वेकडं जातं, रात्र लवकर अंगावर येते, जमीन थोडा वेळच दिसते. पण सप्टेंबरअखेर कॅनडाच्या उत्तरेला रात्री खरा अंधार असतो आणि ध्रुवीय प्रकाश, म्हणजे ध्रुवाकडच्या आकाशात रात्री दिसणारे रंगीत पट्टे, दिसायची शक्यता चांगली. जमिनीवरून बघणाऱ्याला ढग आडवे येतात, विमान ढगांच्या वर असतं हा मोठा फायदा. पूर्वेकडं जाताना उत्तर डाव्या हाताला, म्हणून या वेळी ए, परत मागची दोनची जोडी. पुढं ग्रीनलँडजवळ गेल्यावर हा प्रकाशाचा पट्टा विमानाच्या दक्षिणेला पण जाऊ शकतो, म्हणून सरांना सांगितलं की जागायचं ते पहिल्या अर्ध्या वाटेतच. शाल खिडकीवर तंबूसारखी ओढायची, नाहीतर आतल्या दिव्यांचं प्रतिबिंबच दिसतं. त्यांना एक लांब फिकट पट्टा दिसला, डोळ्याला राखाडी-हिरवट, मोबाइलच्या नाइट मोडच्या फोटोत चांगला हिरवा. फोटोत जेवढा हिरवा तेवढा डोळ्याला दिसेल अशी अपेक्षा ठेवू नका, बरेच जण बघून पण ओळखत नाहीत, ढग समजतात.

हे सगळं ऐकून आता जिंतूरचं एक जोडपं आलंय, टोरांटोला जायचंय, तेच फ्रँकफर्टवरून, आणि म्हणायलेत आम्हाला पण सरांसारखं ग्रीनलँड दाखवा, मागची उजवी खिडकी द्या. त्यांना पृथ्वीगोलावर सुतळी लावून दाखवली. टोरांटोची वाट साधारण ५६ अंशाच्या वर जातच नाही आणि ग्रीनलँडचं दक्षिण टोक ६० अंशाच्या जवळ आहे, म्हणजे चार-पाचशे किलोमीटर लांब, ते धरून चालता येणार नाही. त्यांना दिसेल तो लॅब्राडोरचा किनारा आणि क्यूबेकची तळी. ते पण बघण्यासारखं आहे, पण विमान दुपारी उशिरा सुटणारं घेतलं तर पोचता पोचता समोरचं ऊन तिरकं होऊन डोळ्यावर येईल, म्हणून आधी सकाळचं विमान मिळतं का ते बघायलोय आणि मग सीट.